पहिल्या पावसानंतर कुरणात उमलणारे पिवळे चांदणीफूल : ओळख आणि लागवड

गवतवाट | १७ जून

नमस्कार. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका गवताळ कुरणात गेल्या रविवारी मला एक फूल दिसले. त्याची नीट ओळख पटल्याशिवाय मन स्वस्थ बसणार नाही, म्हणून हा धागा काढत आहे. पहिला मोठा पाऊस होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. गेल्या वर्षीचे वाळके गवत अजून आडवे पडलेले होते, नवे गवत जेमतेम दोन बोटे वर आले होते, आणि त्यातच, अगदी जमिनीला टेकून, लख्ख पिवळी, सहा पाकळ्यांची फुले उमललेली होती. एकेक फूल साधारण अडीच सेंटिमीटर रुंद होते. पाकळ्यांच्या मागच्या बाजूस बारीक केस आहेत, हे एक फूल वळून बंद झालेले दिसले तेव्हा लक्षात आले. एका रोपाला चार-पाच पाने होती. लांबीला वीतभर, रुंदीला बोटापेक्षा थोडी कमी, दोन्ही टोकांना निमुळती. फुलाला देठ असा दिसलाच नाही. पानांच्या बेचक्यातून पिवळी चांदणी थेट वर आल्यासारखी वाटत होती.

त्या कुरणात गुरे राखणाऱ्या एका आजोबांनी सांगितले की ही फुले दरवर्षी त्याच त्याच जागी येतात. त्यावरून ही वनस्पती बहुवर्षायू असावी आणि तिचा कंद जमिनीत राहत असावा, असा माझा अंदाज आहे. हिचे नाव काय, आणि रानातले एकही रोप न उपटता ती कुंडीत वाढवता येईल का, हे दोन प्रश्न जाणकारांपुढे ठेवते.

नवीपालवी | १७ जून

ताई, सह्याद्रीच्या पठारांवर पिवळे गालिचे पसरवणारी सोनकी तर ही नसेल? मी पावसाळ्यात तीच सर्वाधिक पाहिलेली आहे.

अभ्यासवही | १८ जून

सोनकी असण्याची शक्यता मला दिसत नाही, आणि तसे म्हणण्याला आधार आहे. सोनकी सूर्यफुलाच्या कुलातली आहे. तिचे जे एक फूल आपल्याला दिसते तो अनेक लहान फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे स्वतंत्र फूल असते आणि मध्यभागी नळीसारख्या फुलांची गच्च तबकडी असते. गवतवाट ताईंनी सहा सुट्या पाकळ्या सांगितल्या आहेत. सोनकी एका हंगामात जीवनक्रम पुरा करते, उभ्या खोडावर फुलते आणि तिचा खरा बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो. जूनमध्ये, उघड्या मातीला टेकून फुलणारी ही वनस्पती वेगळी आहे.

माझ्यासमोर दोन नावे आहेत. पहिले काळी मुसळी, म्हणजे कर्क्युलिगो ऑर्किऑइडिस. दुसरे हायपॉक्सिस ऑरिया, जिचे पान अगदी गवतासारखे असते. दोन्ही एकाच कुलातल्या, दोन्हींची फुले पिवळी व षट्कोनी चांदणीसारखी, दोन्ही बहुवर्षायू. छायाचित्र वरून काढलेले असेल तर नुसत्या फुलावरून या दोघींत निवड करणे फार अवघड आहे, आणि या फुलांच्या बाबतीत बहुतेक चुका तिथेच होतात. सगळे जण वरून पाहतात; निर्णय मात्र फुलाच्या खाली, मातीच्या पातळीवर लागतो.

आपण पुन्हा जाणार असाल तर तीन गोष्टी पाहाव्यात. पानाची रुंदी मोजावी: हायपॉक्सिसचे पान सहसा दोन ते सहा मिलिमीटरच रुंद असते, काळ्या मुसळीचे एक ते अडीच सेंटिमीटरपर्यंत जाते. पानावर लांबीने घड्या आहेत का, हे बोटाने चाचपून पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, किंजपुट, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, कुठे आहे हे शोधावे. हायपॉक्सिसचा फुलदांडा बारीक, केसाळ आणि जमिनीवर स्पष्ट दिसणारा असतो, आणि किंजपुट पाकळ्यांच्या लगेच खाली उघड्यावर असते. काळ्या मुसळीत ते दिसणारच नाही. उपटू नये, एका काडीने पानांचे तळ हलकेच बाजूला सारले तरी पुरते.

गवतवाट | २४ जून

काल सकाळी पुन्हा गेले होते. फूटपट्टी आणि भिंग दोन्ही नेले होते, आणि चिखलात कोपरे टेकून अर्धा तास एकाच रोपापाशी पडून होते.

पाने दीड सेंटिमीटरच्या आसपास रुंद भरली. पानावरून आडवे बोट फिरवले की कागदी पंख्यासारख्या घड्या स्पष्ट लागतात. उन्हाकडे धरून पाहिले तर शिरा समांतर दिसतात. वाळक्या गवताची एक काडी घेऊन मी पानांचे तळ एकेक करून दूर केले. आता फुलाखाली जो देठ दिसला तो सुतासारखा बारीक, पांढुरक्या केसांनी भरलेला होता, आणि तो जसजसा खाली जात होता तसतसा पानांच्या तळात शिरत होता. शेवटी अगदी खाली, ओल्या मातीच्या पातळीवर, एका पातळ, निमुळत्या आवरणाच्या आत हिरवट पांढरा, फुगीर भाग दिसला. त्याच्याच शेजारी आणखी दोन कळ्या होत्या, एकीपेक्षा दुसरी लहान. काडी काढून घेतल्यावर पाने आपोआप जागेवर आली.

हे किंजपुट म्हणायचे का? आणि ते इतके खोल असेल तर फळ कुठे धरते?

अभ्यासवही | २५ जून

ताई, आपण पाहिले ते किंजपुटच, आणि आता ही काळी मुसळीच आहे असे मी निःशंकपणे म्हणतो. आपल्या निरीक्षणात जो ‘सुतासारखा देठ’ आला आहे तो या वनस्पतीची खरी खूण आहे. तो फुलाचा देठ नाही. किंजपुटाचा वरचा भाग लांब चोचीसारखा वाढतो आणि त्या चोचीच्या टोकावर सहा परिदले उमलतात. (पाकळ्या आणि त्यांबाहेरची हिरवी निदले असे वेगळे भाग इथे नसल्याने परिदल हाच शब्द योग्य ठरतो.) खरा फुलदांडा अगदी आखूड असून तो पानांच्या तळात दडलेला असतो. ही चोच म्हणजे मातीत लपलेल्या किंजपुटाला उजेडातल्या फुलाशी जोडणारा दुवा आहे. हायपॉक्सिसमध्ये अशी चोच नसते, परिदले थेट किंजपुटावर बसलेली असतात. दोघींतला हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा गोंधळ होत नाही.

जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ योझेफ गेर्टनर यांनी १७८८ मध्ये हिचे वर्णन प्रसिद्ध केले. कर्क्युलिगो हे नाव सोंडकिड्याच्या लॅटिन नावावरून आले आहे, कारण बियेला सोंडेसारखी वाकडी चोच असते. ऑर्किऑइडिस म्हणजे आमरीसारखी, ऑर्किडसारखी. घड्यांची पाने पाहून एखाद्या भुईआमरीचा भास होतो खरा. संस्कृत नाव तालमूली, म्हणजे ताडासारखे मूळ असलेली. एकाच वनस्पतीला कोणी बियेवरून, कोणी पानावरून आणि आपल्या लोकांनी मुसळासारख्या उभ्या मुळावरून नाव दिले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की फळही तिथेच, मातीला चिकटून धरते. बोंड साधारण दीड सेंटिमीटरचे असते, त्यात थोड्याच, काळ्या आणि चकचकीत बिया असतात, आणि वरून पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. शेजारच्या कळ्यांकडेही लक्ष ठेवावे. एका दांड्यावरची खालची फुले द्विलिंगी असतात, वरच्या फुलांत बहुधा केवळ केसरदलेच, म्हणजे पराग धरणारे भागच, असतात; त्यामुळे प्रत्येक फुलामागे फळ धरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

पाचोळा | २६ जून

मी शिकलेला वनस्पतीतज्ज्ञ नाही, परंतु ही वनस्पती लहानपणापासून ओळखतो. आमच्याकडे वडीलधारी माणसे औषधासाठी मुसळी खणून आणत असत. तिची खात्री करण्याची आमची रीत मुळावरून होती: मूळ सरळ खाली गेलेले, करंगळीएवढे जाड, बाहेरून काळपट तपकिरी आणि मोडल्यावर आतून पांढरे. पान आणि फूल फसवू शकते, मूळ फसवत नाही, असे आमचे आजोबा म्हणत. ताईंनी एक रोप खणून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळाले असते.

कुरणकाठ | २६ जून

पाचोळा काका, आपल्या आजोबांचे निरीक्षण अचूक आहे आणि ते इथे नोंदवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. मुळाची खूण खरीच आहे. तरीही ओळख पटवण्यासाठी खणू नये, असे मी आग्रहाने म्हणेन, आणि त्यामागे अनेक वर्षांचे पाहणे आहे.

ज्याला आपण मूळ म्हणतो ते मूलक्षोड आहे, म्हणजे जमिनीत उभे वाढणारे खोड, आणि त्याचा वाढणारा डोळा वरच्या टोकाला असतो. आले किंवा हळद आडवी पसरते, अनेक डोळे धरते. तिचा एक भाग घेतला तरी बाकीचे फुटतात. काळ्या मुसळीचे तसे नाही. तिला खणताना डोळाच हाती येतो. खोल राहिलेला एखादा तुकडा फुटला तर फुटतो, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. करंगळीएवढे मूलक्षोड व्हायला अनेक पावसाळे जातात. मी ज्या उतारावर दरवर्षी जातो तिथे एका वर्षी कुदळीने घेतलेले ताजे खड्डे दिसले होते. पुढच्या जूनमध्ये खड्ड्यांत पाणी साचले होते, गवतही आले होते, परंतु त्या तेवढ्या पट्ट्यात एकही पिवळे फूल नव्हते, आणि त्यानंतरच्या वर्षीही नव्हते. औषधी मागणीमुळे हिची रानातून फार तोड झाली आहे.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. राखीव वनातून वनस्पती उपटून नेणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तिथे तर फूल तोडण्याचाही विचार मनात आणू नये. गवतवाट ताईंनी काडीने जे पाहिले त्याने रोपाला काहीही इजा झाली नाही आणि ओळख मुळाइतकीच पक्की झाली.

पाचोळा | २७ जून

आपले म्हणणे मला पटले. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, ती न सांगता गेलो तर जुन्या माणसांवर अन्याय होईल. आमचे आजोबा मुसळी खणल्यावर पानांसकट वरचा दोन बोटांचा शेंडा खुडून त्याच खड्ड्यात परत लावत आणि पायाने माती दाबत. आम्ही विचारले की ते म्हणत, “हे तिचे आहे.” पुढे विकत घेणारे आले, पोत्यांनी माल जाऊ लागला, तेव्हा शेंडा लावायला कोणी थांबेना.

कुरणकाठ | २७ जून

काका, आपण सांगितलेली रीत म्हणजे या वनस्पतीच्या लागवडीचे सूत्रच आहे. डोळा असलेला वरचा तुकडा हाच सर्वांत खात्रीचा बेणे-तुकडा असतो. हे कोणी पुस्तकात वाचून करत नव्हते, म्हणून मला ते अधिक मोलाचे वाटते.

गवतवाट | २८ जून

सर्वांचे मनापासून आभार. आता लागवडीविषयी विचारते. ज्या कुरणात मी जाते ते खासगी मालकीचे आहे आणि मालकांनी पाने घेण्यास परवानगी दिली आहे. कंद मी घेणार नाही. केवळ पानावरून रोप होऊ शकते असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का?

वाळूमाती | ३० जून

खरे आहे, आणि निसर्गात ते आपोआपही घडते. काळ्या मुसळीचे लांब पान वाकून त्याचे टोक ओल्या मातीला टेकले की टोकाशी मुळे फुटतात आणि तिथे नवे रोप तयार होते. पावसाळ्याच्या शेवटी कुरणात गेलात तर आई-रोपापासून पानभर अंतरावर अशी पिल्ले शोधून पाहावीत. हाच गुण आपण लागवडीत वापरतो.

पूर्ण वाढलेले, निरोगी, डाग नसलेले पान निवडावे आणि एका रोपाचे एकच पान घ्यावे, कारण त्याच पानांच्या बळावर रोपाला पुढच्या वर्षाचा साठा करायचा असतो. पान तळाशी धारदार पात्याने कापावे. त्याचे चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि कोणती बाजू तळाकडची होती हे विसरू नये. मी तळाकडच्या बाजूला तिरका काप देतो व टोकाकडे सरळ, म्हणजे गोंधळ होत नाही. रुंद, उथळ भांड्यात धुतलेली जाडसर वाळू आणि चाळलेले पानांचे खत समप्रमाणात घ्यावे. तळाकडची बाजू किंचित आत जाईल असे तुकडे तिरके टेकवावेत. मधली शीर ओल्या वाळूला चिकटून राहणे महत्त्वाचे आहे, कारण कापाच्या जागी, मधल्या शिरेवरच आधी गाठीसारख्या कंदिका धरतात. भांडे उजेडात पण सावलीत ठेवावे, वर काच किंवा पारदर्शक झाकण ठेवून रोज एकदा हवा द्यावी. वाळू दमट असावी, हातात दाबल्यावर पाणी गळू नये. काही आठवड्यांत कंदिका दिसू लागतात, मग त्यांतून मुळे आणि घड्यांचे पहिले पान येते. सगळे तुकडे रुजत नाहीत. जो तुकडा तपकिरी होऊन बुळबुळीत झाला तो लगेच काढून टाकावा.

मूलक्षोडाचे बेणे कोणा लागवडदाराकडून मिळाले तर डोळ्यासह दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, काप एक दिवस सावलीत सुकू द्यावा आणि पावसाच्या सुरुवातीला डोळा मातीच्या पातळीच्या किंचित खाली राहील असा लावावा. दोन रोपांत दहा सेंटिमीटर अंतर पुरते.

बियांपासूनही रोपे होतात, परंतु बियांना सुप्तावस्था असते आणि उगवण अतिशय अनियमित होते. बी पेरून भांडे विसरू नये आणि लवकर रिकामेही करू नये. पहिल्या प्रयत्नासाठी पान हाच मार्ग मी सुचवेन.

कुंडीविषयी एक आग्रह. फूल जमिनीलगत आहे म्हणून लोक उथळ तबक घेतात, आणि तिथेच चूक होते. मूलक्षोड सरळ खाली जाते, म्हणून मोठ्या रोपाला पंचवीस-तीस सेंटिमीटर खोली द्यावी. निचरा उत्तम असावा. कुरणातही ही वनस्पती वर गवताची सावली आणि खाली मुरमाड निचरा अशा जागी राहते; भर दुपारच्या उन्हात पानांची टोके करपतात, दाट सावलीत पाने लांबतात आणि फुले कमी येतात. सकाळचे ऊन आणि नंतर विरळ सावली तिला मानवते.

गवतवाट | ३ ऑगस्ट

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. परवानगीने आणलेल्या तीन पानांचे अकरा तुकडे मी ५ जुलैला लावले होते. त्यांपैकी चार कुजले. उरलेल्यांपैकी पाचांच्या कापावर मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी स्पष्ट दिसत आहेत, आणि एकीतून सुईसारखे हिरवे टोक वर आले आहे. भिंगातून पाहिले तर त्या टोकावरही घडी आहे. एवढ्याशा कोंबावर आईच्या पानाची घडी पाहून मी कितीतरी वेळ भिंग खाली ठेवले नाही.

दुसरी गोष्ट चिंतेची आहे. सोबत तुलनेसाठी मी एका रोपवाटिकेतून ‘मुसळी’ म्हणून दोन रोपे मागवली होती. त्यांची पाने मऊ, गुळगुळीत आणि घड्यांविना आहेत, मध्ये पन्हळीसारखी खोलगट आहेत. कुंडी बदलताना मुळे पाहिली तर एका मुळाऐवजी बोटांसारखा पांढुरक्या मुळांचा झुबका निघाला. काल त्याला दांडा आला असून कळ्या पांढऱ्या दिसत आहेत.

अभ्यासवही | ४ ऑगस्ट

आपल्याला सफेद मुसळी मिळाली आहे. क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम हे तिचे नाव. त्यातील दुसरा शब्द बोरिवलीवरून आला आहे. नावात मुसळी असली तरी दोन्ही वनस्पतींची कुले वेगळी आहेत. सफेद मुसळीचा फुलदांडा पानांच्या वर उंच येतो, फुले पांढरी असतात आणि अन्नसाठा मुळांच्या झुबक्यात असतो. पानाची घडी आणि दडलेले किंजपुट या दोन्ही खुणा तिच्यात नाहीत. रोपवाटिकेला नम्रपणे कळवावे, कारण त्यांच्याकडून पुढेही अशीच रोपे जात असतील. औषधी वनस्पतींच्या व्यवहारात केवळ ‘मुसळी’ एवढेच लिहिण्याची सवय मोडायला हवी.

नवीपालवी | ६ ऑगस्ट

मीही आता शोधू लागलो आहे. फुले सरल्यावर, उंच गवतात, केवळ पानांवरून ती ओळखता येते का? मला तीन ठिकाणी घड्यांची पाने दिसली आणि तिन्ही निराळी वाटली.

कुरणकाठ | ७ ऑगस्ट

येते, पण पान हातात धरून पाहावे लागते. रुंद पानांचे काही गवत घड्यांचे असते. त्याचे पान जिथे खोडाच्या आवरणाला मिळते तिथे पातळ पापुद्रा किंवा केसांची ओळ दिसते, मुसळीत अशी काही रचना नसते. शिंदीच्या कोवळ्या रोपाचे पहिले पानही घड्यांचे असते, मात्र ते ताठ, चिवट आणि खरखरीत असते, वाकवले तर उसळून सरळ होते. मुसळीचे पान लवचीक असते आणि त्याचे टोक सहज जमिनीकडे झुकते. तिसरी शक्यता भुईआमरीची. तिची पाने बहुधा अगदी गुळगुळीत असतात, आणि मुसळीच्या पानावर, विशेषतः तळाजवळ, तुरळक मऊ केस सापडतात. तरीही शंका राहिली तर जागेची खूण करून ठेवावी आणि पुढच्या जूनमध्ये फूल पाहावे. एक वर्ष थांबल्याने काही बिघडत नाही.

गवतवाट | ११ जानेवारी

एक चूक माझ्याकडून झाली आहे, ती सांगते, म्हणजे इतरांकडून होणार नाही. पाचही पिल्ले सप्टेंबरमध्ये वेगवेगळ्या कुंड्यांत लावली होती. नोव्हेंबरअखेर पाने पिवळी पडू लागली तेव्हा पाणी कमी पडते आहे असे समजून मी दोन कुंड्यांना रोज पाणी देत राहिले. त्या दोन्हींची पाने गेली, आणि काल माती बाजूला करून पाहिली तर एका कुंडीतील कंदिका मऊ, करडी होऊन कुजलेली होती. दुसरी अजून टणक आहे. उरलेल्या तीन कुंड्यांत वर काहीच दिसत नाही. त्यांचे काय करावे?

वाळूमाती | १२ जानेवारी

त्यांना स्वस्थ राहू द्यावे. पाने पिवळी पडणे हा आजार नाही, ती तिची विश्रांती आहे. उघड्या कुरणात पाऊस सरल्यावर जमीन वाळते, वरचे सगळे सुकते आणि जीव मूलक्षोडात राहतो. वणवा वरून गेला तरी तो बहुधा वाचतो. बाराही महिने दमट राहणाऱ्या सावलीत पाने टिकून राहतात, म्हणून काही ठिकाणी ती सदाहरित दिसते, पण एकदा पाने गेली की पाण्याचा उपयोग करणारे वर कोणी उरत नाही आणि ओल फक्त कुजवते. कुंड्या छपराखाली ठेवाव्यात. माती दगडासारखी कडक होऊ नये एवढ्यापुरते पंधरा-वीस दिवसांतून कडेने थोडे पाणी द्यावे. खत अजिबात घालू नये, आणि उकरून पाहण्याचा मोह टाळावा. टणक राहिलेली कंदिका नव्या, कोरड्या वाळूमिश्रित मातीत हलवली तर ती वाचेल.

गवतवाट | १९ जून

चारही कुंड्या फुटल्या आहेत. वळवाच्या सरीनंतर लगेच काही झाले नव्हते; दमदार पाऊस सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी पहिला कोंब दिसला. फूल नाही, पण पाने गेल्या वर्षीपेक्षा दुपटीने लांब आहेत.

कुरणातही जाऊन आले. गेल्या वर्षी ज्या रोपापाशी मी काडी घेऊन बसले होते ते त्याच जागी, दगडाच्या त्याच कडेला फुलले आहे, आणि ज्या बाजूला त्याचे एक पान झुकलेले मला आठवते त्या बाजूला, बरोबर पानभर अंतरावर, दोन पानांचे एक पिल्लू आहे.

पाचोळा | २० जून

हे वाचून फार समाधान वाटले. त्या पिल्लावरून गुरे जाणार नाहीत एवढे पाहावे.

गवतवाट | २३ जून, पुढील वर्ष

आज सकाळी साडेसात वाजता एका कुंडीत पहिले फूल उमललेले दिसले. पानाच्या तुकड्यापासून फुलापर्यंत जवळजवळ दोन वर्षे लागली. सहा परिदले, सहा केसरदले, मध्ये तीन भागांचे किंजल्क, म्हणजे पराग झेलणारे टोक. नऊच्या सुमारास एक लहान, काळपट मधमाशी आली, केसरदलांवर फिरली आणि पायांना पिवळे परागकण लावून गेली. संध्याकाळपर्यंत परिदले मिटू लागली होती.

काडीने पानांचे तळ बाजूला करून पाहिले. चोच मातीपर्यंत गेली आहे आणि फूल सर्वांत खालचे आहे, त्यामुळे फळ धरण्याची आशा आहे. वाळूमाती दादा, बोंड पिकले हे वरून दिसत नाही, मग बी नेमके केव्हा काढावे?

वाळूमाती | २३ जून

अभिनंदन, ताई. फूल मिटल्यावर तारीख कुंडीवर लिहून ठेवावी. साधारण महिन्याभराने काडीने पुन्हा पाहावे. बोंड फुगलेले असेल, पण आतील बी पांढरे असेल तर झाकून टाकावे. त्यानंतर आठवड्यातून एकदाच पाहावे. बोंडाची भिंत मऊ होऊन बोटाच्या हलक्या स्पर्शाने सुटू लागली आणि आतले बी काळे व चकचकीत दिसले की ते घेण्यास योग्य झाले. निम्मे बी लगेच त्याच कुंडीच्या कडेला, अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे, उरलेले कागदात ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरावे, आणि दोन्हींची उगवण इथे नोंदवावी. भिंग हाताशी असेलच, तेव्हा बियेची सोंडही पाहून घ्यावी.